बॉन्ड तोडायला एनर्जी लागते की सुटते? गॅसच्या शेगडीवरून पूर्ण हिशोब

एक वाक्य आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका, बाकी सगळं नंतर. बॉन्ड (रेणूतल्या अणूंना जोडून ठेवणारा बंध) तोडायला एनर्जी लागते आणि बॉन्ड तयार होताना एनर्जी सुटते. नेहमी. "पण सर, पेट्रोलचे बॉन्ड तुटतात तेव्हा तर उष्णता बाहेर येते ना?" हा प्रश्न येतोच, दरवर्षी येतो, आणि त्याचं उत्तर "नाही" असं आहे. तुटताना येत नाही. तुटल्यावर जे नवीन बॉन्ड जुळतात ना, तेव्हा येते. सगळा गोंधळ इथेच असतो, आणि एकदा हे डोक्यात बसलं की सीईटी असो, नीट असो, बॉन्ड एन्थाल्पीचं गणित पाच मिनिटांत सुटतं.

मी याला जमाखर्च म्हणतो. जुने बॉन्ड तोडणं हा खर्च, नवीन बॉन्ड जुळणं ही जमा. जमा जास्त झाली तर उरलेली एनर्जी उष्णता म्हणून बाहेर पडते, खर्च जास्त झाला तर आजूबाजूची उष्णता ओढून घेतली जाते. पहिल्याला एक्झोथर्मिक म्हणायचं, दुसऱ्याला एंडोथर्मिक. यापलीकडे थिअरी नाही, आता थेट कामाला लागू.

हाताशी काय लागेल

खालचे आकडे एका कागदावर उतरवून घ्या. हा प्रत्येक बॉन्ड तोडायला लागणारा खर्च, यालाच बॉन्ड एन्थाल्पी म्हणतात (एच हायड्रोजन, सी कार्बन, ओ ऑक्सिजन, एन नायट्रोजन; – सिंगल बॉन्ड, = डबल, ≡ ट्रिपल). सगळे एका मोलला (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप, डझनासारखं) किलोज्यूलमध्ये आहेत आणि पुस्तकापुस्तकात दोनचार आकड्यांचा फरक दिसेल, त्याने घाबरू नका, परीक्षेत जो तक्ता दिलाय तोच वापरायचा.

एच–एच ४३६, क्लोरीन–क्लोरीन २४२, एच–क्लोरीन ४३१, ओ=ओ ४९८, ओ–एच ४६३, सी–एच ४१३, सी–सी ३४७, सी=सी ६१४, कार्बन डायऑक्साइडमधला सी=ओ ७९९, एन≡एन ९४५, एन–एच ३९१, ओ–ओ सिंगल १४६, फ्लोरीन–फ्लोरीन १५८, एच–फ्लोरीन ५६७.

पहिली पायरी: समीकरण बॅलन्स करा आणि स्ट्रक्चर काढा

हो, काढाच. मुलं इथे कंटाळा करतात, फॉर्म्युला बघून मनातच बॉन्ड मोजतात आणि मग प्रोपेनमधले सी–सी दोन आहेत का तीन यात अडकतात. तीन कार्बन ओळीत उभे केले की मध्ये बॉन्ड दोनच होतात हे चित्र काढलं की दिसतं, मनात दिसत नाही.

सुरुवातीला सगळ्यात सोपं घेऊ. हायड्रोजन एक मोल, क्लोरीन एक मोल, त्यातून हायड्रोजन क्लोराइड दोन मोल. तोडायचं काय? एक एच–एच आणि एक क्लोरीन–क्लोरीन, म्हणजे ४३६ अधिक २४२, खर्च ६७८. जुळलं काय? दोन एच–क्लोरीन, म्हणजे दोन गुणिले ४३१, जमा ८६२. खर्चातून जमा वजा करा: ६७८ वजा ८६२ म्हणजे उणे १८४ किलोज्यूल. उणे चिन्ह म्हणजे उष्णता बाहेर गेली. प्रयोगातून मोजलेलं उत्तर पण उणे १८४ च्या जवळच येतं.

आता चिन्हाबद्दल, कारण सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. बॉन्ड एन्थाल्पीमध्ये डेल्टा एच (एन्थाल्पीतला, म्हणजे उष्णतेच्या हिशोबातला फरक) म्हणजे रिअॅक्टंटचे (सुरुवातीच्या पदार्थांचे) बॉन्ड वजा प्रॉडक्टचे (तयार झालेल्या पदार्थांचे) बॉन्ड. एन्थाल्पी ऑफ फॉर्मेशनच्या (मूलद्रव्यांपासून पदार्थ तयार होतानाच्या एन्थाल्पीच्या) गणितात मात्र प्रॉडक्ट वजा रिअॅक्टंट. दोन फॉर्म्युले एकमेकांच्या उलटे आहेत, आणि पाठांतर करून परीक्षेला गेलात तर हमखास अदलाबदल होणार. पाठ करू नका. खर्च वजा जमा एवढंच धरा, चिन्ह आपोआप बरोबर येतं.

दुसरी पायरी: खर्चाची आणि जमेची यादी वेगवेगळी लिहा

आता मिथेन घेऊ, म्हणजे नळाने घरात येतो तो पाइप गॅस, त्यात बहुतांश मिथेनच असतो. एक मोल मिथेन, दोन मोल ऑक्सिजन, त्यातून एक मोल कार्बन डायऑक्साइड आणि दोन मोल पाणी.

डाव्या बाजूला चार सी–एच, म्हणजे ४ × ४१३ = १६५२. दोन ओ=ओ, म्हणजे २ × ४९८ = ९९६. एकूण खर्च २६४८.

उजव्या बाजूला एका कार्बन डायऑक्साइडमध्ये सी=ओ दोन, म्हणजे २ × ७९९ = १५९८. पाण्याच्या एका रेणूत ओ–एच दोन, रेणू दोन, म्हणजे चार ओ–एच, ४ × ४६३ = १८५२. एकूण जमा ३४५०.

२६४८ वजा ३४५० = उणे ८०२ किलोज्यूल.

इथे एक खड्डा आहे तो दाखवून ठेवतो. बऱ्याच तक्त्यांत सी=ओ साठी ७४५ हा आकडा पण दिलेला असतो, तो आल्डिहाइड-कीटोनवाल्या सी=ओ चा आहे. कार्बन डायऑक्साइडमधला सी=ओ त्यापेक्षा बराच मजबूत असतो, त्याचा ७९९. चुकून ७४५ घातला तर जमा ३३४२ होते आणि उत्तर उणे ६९४ येतं, म्हणजे एका मोलमागे १०८ किलोज्यूल हवेत गायब. तुमचं उत्तर ऑप्शनमध्ये दिसत नसेल तर आधी हे तपासा.

आणि दुसरी गोष्ट, पुस्तकात मागे मिथेनची एन्थाल्पी ऑफ कम्बशन (जळण्याची एन्थाल्पी) उणे ८९० दिलेली असते आणि आपलं उत्तर ८०२, मग आपण चुकलो का? नाही चुकलो. बॉन्ड एन्थाल्पी फक्त वायू अवस्थेसाठी असते, म्हणजे आपण जे पाणी धरलं ते वाफ होतं. वाफेचं पाणी होताना मोलमागे आणखी ४४ किलोज्यूल सुटतात, दोन मोलचे ८८, ८०२ अधिक ८८ बरोबर ८९०. ही वाफ बघायची असेल तर गार पाण्याने भरलेलं पातेलं गॅसवर ठेवा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात पातेल्याच्या बाहेरच्या बाजूला बघा, घाम फुटल्यासारखे थेंब दिसतात. पातेलं गळत नाहीये, ते जळण्यातून तयार झालेलं पाणी आहे, गार धातूवर जमलेलं. भांडं तापलं की उडून जातं.

तिसरी पायरी: सिलेंडर

घरचा लाल सिलेंडर १४.२ किलोचा, आत प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. सोपं जावं म्हणून सगळा ब्युटेनच धरू. ब्युटेनच्या एका रेणूत सी–एच दहा, सी–सी तीन. जाळायला ऑक्सिजन साडेसहा मोल लागतो (साडेसहा चालतो, मोलमध्ये अर्धा असायला काहीच हरकत नाही), आणि तयार होतात चार कार्बन डायऑक्साइड, पाच पाणी.

खर्च: ४१३० अधिक १०४१ अधिक ३२३७, म्हणजे ८४०८. जमा: आठ सी=ओ चे ६३९२ आणि दहा ओ–एच चे ४६३०, म्हणजे ११०२२. फरक उणे २६१४ किलोज्यूल.

ब्युटेनचा एक मोल ५८ ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे ४५ किलोज्यूल. एक लिटर पाणी २५ अंशावरून उकळीला न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात, म्हणजे एक थेंब उष्णता वाया गेली नाही तर ७ ग्रॅम गॅसमध्ये पाणी उकळायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही, बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते, लहान पातेलं मोठ्या बर्नरवर ठेवलं तर अजूनच. पूर्ण सिलेंडरचा हिशोब केला तर ६४० मेगाज्यूल येतात, विजेच्या भाषेत १७८ युनिट. लाइट बिलाशी तुलना करून बघा, गंमत वाटते.

आता थांबा, कारण मला या लेखात खरं सांगायचंय ते इथे आहे.

आपण सर्रास म्हणतो की सिलेंडरमध्ये एनर्जी भरलेली असते, इंधनाच्या बॉन्डमध्ये ती साठवलेली असते, ते तोडले की बाहेर पडते. आपल्या वरच्या यादीत बघा बरं, सी–एच ४१३ आणि सी–सी ३४७ हे सगळे खर्चाच्या बाजूला आहेत. जितके मजबूत तितका खर्च जास्त. मग एनर्जी आली कुठून?

एक छोटा भागाकार करा. मिथेनचे ८०२, ऑक्सिजन दोन मोल लागला, म्हणजे ऑक्सिजनच्या मोलमागे ४०१. ब्युटेनचे २६१४ भागिले ६.५, ४०२. प्रोपेन स्वतः करून बघा, उत्तर उणे २०१० आलं पाहिजे, भागिले ५, परत ४०२. कोळशातला कार्बन जळला तर मोजलेला आकडा मोलमागे साधारण ३९४. इंधन कुठलंही घ्या, ऑक्सिजनच्या मोलमागे चारशेच्या आसपासच येतंय! हायड्रोजन तेवढा वेगळा निघतो, त्याचा ४८२, पण तोही फार लांब नाही.

म्हणजे मुख्य गिऱ्हाईक ऑक्सिजन आहे. ओ=ओ डबल बॉन्ड आहे पण डबलच्या मानाने कच्चा, फक्त ४९८, आणि तेच ऑक्सिजनचे अणू कार्बन किंवा हायड्रोजनला जाऊन मिळाले की ७९९ आणि ४६३ वाले पक्के बॉन्ड बनतात. कच्चे सोडून पक्के मिळाले, फरक उष्णता म्हणून सुटला. इंधनाचं काम हे की ऑक्सिजनला पक्के बॉन्ड करायला कार्बन-हायड्रोजन पुरवणं. नुसत्या सिलेंडरमध्ये एनर्जी आहे म्हणणं म्हणजे टाळी एका हाताने वाजते म्हणण्यासारखं. आणि हा दुसरा हात किती मोठाय तेही बघा: १४.२ किलो ब्युटेन जाळायला साधारण ५१ किलो ऑक्सिजन लागतो, सगळा स्वयंपाकघरातल्या हवेतून, फुकट. त्यातून ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी तयार होतं. खिडकी उघडी ठेवा असं का सांगतात ते या आकड्यांत आहे.

मग लायटर कशाला?

जमा एवढी मोठी असेल तर गॅस सोडल्या सोडल्या आपोआप पेटायला हवा. नाही पेटत, कारण जमा नंतर येते आणि पहिला खर्च आधी करावा लागतो, तो हातात नसेल तर व्यवहार सुरूच होत नाही. लायटरची ठिणगी तो पहिला खर्च करते, थोडे रेणू तुटतात, त्यांचे तुकडे दुसऱ्या रेणूंवर जाऊन आदळतात, त्यातून सुटलेली उष्णता पुढच्यांना तोडते आणि मग ज्योत स्वतःच चालू राहते. या पहिल्या खर्चालाच अॅक्टिव्हेशन एनर्जी म्हणतात.

पण एक गैरसमज नको. प्रत्यक्ष ज्योतीत आधी सगळे बॉन्ड तुटून सुटे अणू होतात आणि मग जुळतात असं घडत नाही, तोडणं-जोडणं बरोबरच चाललेलं असतं. आपण कागदावर "सगळं तोडा, सगळं जोडा" असं करतो ते चालतं कारण एन्थाल्पीचा फरक फक्त सुरुवात आणि शेवट यावर अवलंबून असतो, रस्ता कुठलाही धरा. हेस या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये मांडलेला नियम तो हाच.

हायड्रोजन-क्लोरीनचं मिश्रण अंधारात शांत बसतं आणि उन्हात नेलं की स्फोट होतो, कारण २४२ चा क्लोरीनचा बॉन्ड तोडायला प्रकाशच पुरतो. उलट नायट्रोजन बघा, ९४५! हवेत ७८ टक्के असूनही कुणाशी फारसा बोलत नाही. अमोनियाचं गणित केलं (९४५ अधिक तीन एच–एच चे १३०८, वजा सहा एन–एच चे २३४६) तर उत्तर उणे ९३, म्हणजे फायद्याचाच सौदा, तरी तो पहिला खर्च इतका अवघड की लोखंडाचा कॅटॅलिस्ट, चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या दोनशेपट वगैरे दाब लागतो. अलिबागजवळ थळला आरसीएफ या खत कंपनीचा जो कारखाना आहे तिथे युरियासाठी लागणारा अमोनिया असाच बनतो. विजा कडाडतात तेव्हा नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं नायट्रिक ऑक्साइड होतं, तो सौदा मात्र तोट्याचा: खर्च ९४५ अधिक ४९८ म्हणजे १४४३, जमा दोन बॉन्डची ६३१ प्रमाणे १२६२, म्हणजे अधिक १८१. एंडोथर्मिक. विजेने उष्णता दिली म्हणून झालं, एरवी हवा आपोआप असलं काही करत नाही, आणि ते बरंच आहे.

चौथी पायरी: हाताने करून बघा

मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. दोन मोल पेरॉक्साइडमध्ये ओ–एच चार, दोन मोल पाण्यात पण ओ–एच चार, म्हणजे ते दोन्हीकडून खोडा, मोजायची गरजच नाही. ही शॉर्टकट लक्षात ठेवा, जे बदललं तेवढंच मोजायचं. तुटले दोन ओ–ओ, २९२. जुळला एक ओ=ओ, ४९८. उत्तर उणे २०६ दोन मोलचे, म्हणजे एका मोलचे १०३. पाण्यातल्या द्रावणात मोजलेला आकडा ९५ च्या आसपास आहे.

आता प्रयोग. स्टीलचा किंवा काचेचा मोठा ग्लास घ्या, खाली ताट ठेवा. २५ मिली पेरॉक्साइड, २५ मिली पाणी. तापमान बघून ठेवा, पण ताप मोजायचा थर्मामीटर नको, तो ४२ च्या पुढे जात नाही, लॅबचा ११० अंशवाला किंवा किचनचा डिजिटल घ्या. मग पाव चमचा बेकरीचं यीस्ट थोड्या साध्या पाण्यात कालवून ओता. फसफसून फेस येतो, तो ऑक्सिजन. हिशोब असा: ५० मिलीमध्ये दीड ग्रॅम पेरॉक्साइड, म्हणजे ०.०४४ मोल, गुणिले ९५, ४.२ किलोज्यूल, त्याने ५० मिली पाणी साधारण २० अंश तापायला हवं. थर्मामीटर त्याच्या थोडं खाली थांबतो कारण ग्लास पण तापतो आणि फेसाबरोबर उष्णता जाते. चष्मा आणि हातमोजे घाला, पेरॉक्साइड कातडीला लागलं तर पांढरं पडतं आणि चुरचुरतं. बाटलीत करून झाकण लावू नका, ऑक्सिजनच्या दाबाने फुटेल. न पातळ करता करू नका, चांगलंच गरम होतं.

उलटा प्रयोग अजून सोपा. ५० मिली पाण्यात एक चमचा लिंबूसत्व विरघळवा, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा कारण विरघळतानाही ते थोडं गार होतं आणि ते आपल्याला मोजायचं नाहीये. मग खायचा सोडा एक चमचा घाला. फसफसतंय आणि तापमान मात्र खाली चाललंय! ग्लासला हात लावला तरी कळतं. इथे वरच्या तक्त्याने गणित करायला जाऊ नका, द्रावणातले आयन आहेत, आयनांभोवती पाण्याचे रेणू आहेत, तक्ता फक्त वायूंसाठी. तोट्याचा सौदा असून आपोआप का होतो हा चांगला प्रश्न आहे, कार्बन डायऑक्साइड वायू सुटून पसरतो आणि एंट्रॉपी (विस्कळीतपणा) वाढते, पण तो विषय वेगळा.

फवारणीसाठी टाकीत युरिया कालवणाऱ्याला विचारा, पाणी गार पडतं हे तो न शिकता सांगेल. तिथे मात्र युरियाच्या रेणूमधले बॉन्ड तुटत नाहीत, रेणू-रेणूंमधले हायड्रोजन बॉन्ड तुटतात आणि पाण्याशी नवीन जुळतात, खर्च थोडा जास्त पडतो एवढंच. गार झालं म्हणजे केमिकल रिअॅक्शन झाली असं नसतं.

बायोलॉजीवाल्यांसाठी

"एटीपीचा हाय एनर्जी बॉन्ड तुटतो आणि एनर्जी मिळते." (एटीपी म्हणजे पेशी कामासाठी एनर्जी ज्यातून मिळवतात तो रेणू.) हे वाक्य केमिस्ट्रीच्या तासाला लिहिलं तर चूक आणि बायोलॉजीच्या तासाला बरोबर, अशी पंचाईत आहे. बायोकेमिस्ट लिपमनने १९४१ मध्ये हा एनर्जी-रिच बॉन्ड नागमोडी रेषेने दाखवला आणि ती रेषा पुस्तकांत चिकटली ती चिकटलीच. तो बॉन्ड तोडायलाही खर्चच येतो. पण रिअॅक्शनमध्ये पाणी पण आहे, पाण्याबरोबर नवीन बॉन्ड जुळतात, शेजारी-शेजारी कोंबलेले निगेटिव्ह चार्ज सुटे होतात, फॉस्फेटला पाण्याचे रेणू नीट वेढतात, या सगळ्याची गोळाबेरीज म्हणून मोलमागे ३०.५ किलोज्यूल मोकळे होतात, आणि हा आकडा गिब्स एनर्जीचा (एन्थाल्पी आणि एंट्रॉपी दोन्ही धरून केलेल्या हिशोबाचा) आहे, नुसत्या एन्थाल्पीचा नाही. उत्तरात "बॉन्ड तुटल्याने" ऐवजी "हायड्रोलिसिस झाल्याने" (पाण्याशी रिअॅक्शन होऊन तुटल्याने) लिहा, दोन्ही सर खूश.

उत्तर पाचदहा किलोज्यूलने चुकतंय?

चुकू दे. तक्त्यातले आकडे सरासरी आहेत. पाण्याचा पहिला ओ–एच तोडायला ४९७ लागतात, उरलेला दुसरा तोडायला ४२८, सरासरी ४६३ म्हणून तेच छापतात. वर मोजलेल्या अमोनियात, मिथेनमध्ये उत्तर नशिबाने जवळ आलं, सगळीकडे येत नाही. बेन्झिनसारख्या रेझोनन्सवाल्या (ज्यांत बॉन्डचे इलेक्ट्रॉन अनेक अणूंत वाटलेले असतात अशा) रेणूंत तर १५० किलोज्यूलपर्यंत फरक पडतो, तिथे हा मार्ग धरू नका.

सरावाला दोन. हायड्रोजन आणि फ्लोरीन: खर्च ५९४, जमा ११३४, उत्तर उणे ५४० (प्रयोगातलं उणे ५४६). आणि इथिनमध्ये हायड्रोजन घालून इथेन, वनस्पती तूप बनवताना तेलाच्या डबल बॉन्डवर निकेल वापरून जे करतात ते हेच: सी=सी तुटला ६१४, एच–एच ४३६, खर्च १०५०, जुळले एक सी–सी आणि दोन सी–एच, जमा ११७३, उत्तर उणे १२३, प्रत्यक्ष मोजलेलं उणे १३७ च्या आसपास. यात चारही जुने सी–एच खोडले का ते बघा, ज्यांनी ते दोन्हीकडे मोजले त्यांचं पण उत्तर तेच येईल, फक्त वेळ जास्त गेला असेल.